सोबत बघून ऱ्हव

एसटीच्या पायरीवर माझा एक पाय होता आणि आई खालून सांगत होती, "मुंबईत सोबत बघून ऱ्हव गो." आमच्या कुडाळकडे बाई घरात एकटी असली की शेजारची कुणीतरी चटई घेऊन झोपायला येते. तिला 'सोबतीला आली' म्हणतात. तिने गप्पा मारायलाच हव्यात असं काही नसतं.

आईचं मी जरा जास्तच ऐकलं. मुलुंडला नोकरी, पुढे फ्लॅट, आणि माणसांचा नुसता बाजार. सोसायटीची भिशी, ऑफिसची गँग, ट्रेकवाले, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. कुणाचं बारसं मी चुकवलं नाही. रविवार मोकळा दिसला की लगेच कुणाला तरी फोन, काय करतेयस, ये ना घरी.

बाबा गेले, तेव्हा आईला मी इकडेच उचलून आणलं. गावात एकटी पडेल, दुसरं काय!

आई दुपारी गॅलरीत मटार सोलत गप्प बसायची. मला ते बघवेना. मी शेजारच्या काकूंना तिच्याकडे पाठवलं, भजनी मंडळात तिचं नाव घातलं. शेवटी तिने पिशवी भरायला घेतली. मी चिडले, तिकडे तुला आहे कोण, असं तोडून विचारलं.

आई शांतपणे म्हणाली, "माका माझी सोबत आसा. हंय मी तुझ्या सोबतीक इलंय, बाये. एकटी बसाक तू भियातंस."

राग आला, कारण खरं होतं. रविवारपर्यंत थांब म्हटलं आणि त्या रविवारी कुणालाच बोलावलं नाही. गॅलरीत आम्ही दोघीच. हात सारखा फोनकडे जात होता. मग बाबा आठवले. ते गेले तेव्हाही घर मी माणसांनी भरून ठेवलं होतं, रडायला सवडच ठेवली नव्हती. त्या दुपारी पोटभर रडले. आई मटार सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. गाववाल्यांनो, तिची काळजी करू नका. आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, माणसं हवीतच, भिशी मीही सोडलेली नाही. पण रिकामी दुपार बुजवायला आता कुणाला बोलवत नाही. रविवारी फोनवर कुणी विचारतं, एकटीच आहेस का गं?

मी सांगते, नाही, घरी माझी सोबत आहे.