पयलो टाको

"पयलो टाको माझो. मगे गावाचो."

सकाळी शिलाई मशीनवर बसताना आमचे शिंपी एवढंच म्हणायचे आणि मग पाव तास कोणाशी बोलायचे नाहीत. बांद्याच्या बाजारात आमच्या शेठचं कापडाचं दुकान होतं. मी आत कापड मोजून द्यायचो, ते बाहेर ओट्यावर शिवायचे. वय पन्नाशीचं, अंगात मांजरपाटाचा सदरा, कानामागे दोऱ्याचं टोक. दुकान उघडायच्या आधी ते पिशवीतून कातरणीचे चार तुकडे काढत आणि काहीतरी स्वतःचं शिवत. बाळाचं टोपडं, चिमणी, मिठाची पिशवी. एकासारखं दुसरं कधी नाही. समोरून चहा आला की ते काम संपलं. मग दिवसभर गावाच्या बंड्या आणि परकर.

एकदा निळ्या टोपड्याला त्यांनी विटकरी किनार लावली. ही कुठून सुचली, म्हणून मी विचारलं.

"काल व्हाळाच्या पाण्यार खंड्यो पक्षी बगलंय, निळो नि पोटाक विटकरी. रोज एक तरी गोष्ट नीट बगूची नि दुसऱ्या दिसा हातात आणूची. नायतर हात गंजता."

आईच्या कडेवर बसून जे मूल दुकानात येई, ते टोपडं घालूनच परत जाई. कातरण नाहीतरी केरातच जायची. "घेऊन जा," असं शेठनेच त्यांना सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

आणखी एक लिहायला हवं. दुकानात लागलो त्याच आठवड्यात शेठने मला शिकवलं, मोजायच्या गजाच्या टोकावर अंगठा कसा धरायचा आणि कापड कसं ताणायचं. दर वारामागे गिऱ्हाइकाचं दोन बोटं कापड दुकानातच राहायचं. मी ते इमानदारीत करत होतो. आज त्याची चीड येते. तेव्हा येत नव्हती, याची जास्त येते.

एके दिवशी शेजारच्या गावची एक बाई तणतणत आली. मुलीच्या लग्नाचा परकर आखूड झाला होता. "कापड पुरा घेतलेलंय. खंय गेला?"

शेठ गादीवरून उठले. ओट्यावर आले, शिंप्यांची पिशवी उचलली आणि भररस्त्यात उलटी केली. टोपडी, चिमण्या, सगळं धुळीत.

"हे बघा कुठे जातं ते! चोर पाळला होता मी!"

शिंपी खाली उतरले. एकेक वस्तू उचलून गुडघ्यावर झटकली. त्या बाईला म्हणाले, "बाये, तुझ्या कपड्यातलो एक दोरो माज्याकडे नाय." मग माझ्याकडे वळले.

"तूच मापलंस मा रे?"

मी तागा गुंडाळत राहिलो.

मशीन शेठचं होतं. कात्री आणि बोटातलं अंगुस्तान घेऊन ते गेले. संध्याकाळपर्यंत 'चोर' हा शब्द बाजारभर झाला होता. एकाही दुकानाने त्यांना ओट्यावर बसू दिलं नाही. तुम्ही असे बाजार पाहिले असतील. खोटं मोजणाऱ्याला तिथे नमस्कार मिळतो.

आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत हाताने शिवत बसले होते. अंगातला सदरा बेंबीपर्यंत वर आला होता.

"सदऱ्याक काय झाला?"

"कातरण झाली," म्हणाले आणि स्वतःच हसले. दुकानाची कातरण बंद झाल्यावर ते रोज पहिल्या टाक्यासाठी सदऱ्याचाच घेर कापत होते.

मी अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांचं हसू थांबलं.

"माका सांगान काय उपेग? बाजारात सांग."

ते सांगायला मला दोन महिने लागले. घरात मिळवता मी एकटा, असं मी स्वतःला समजावत होतो. शेवटी एका बाजारच्या दिवशी तीच बाई दुकानात आली. मी गज तिच्यासमोर ठेवला आणि अंगठा कुठे धरायचो ते भर गिऱ्हाइकांत दाखवलं. शेठने मला तिथल्या तिथे हाकललं. बाई तडक शिंप्यांच्या घरी गेली आणि त्यांच्यापुढे रडली. पण दुकानदार म्हणाले, शेठ असं कशाला करतील? अंगठा मी दाखवला, चोर मात्र शिंपीच राहिले.

"आता गावाचो टाको रवलोच नाय," ते मला म्हणाले. "सगळे माझेच." माझं मन हलकं व्हावं म्हणून म्हणाले असतील. मला हसता आलं नाही.

त्या पावसाळ्यात तापाने ते गेले.

तेराव्याला शेठ आले, हातात घडी केलेली शाल. घरापुढच्या खळ्यात जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोठा कलाकार होता. आमच्या दुकानात घडला." घडला! दुकानाला कुलूप असताना ज्या माणसाने स्वतःला घडवलं, तो म्हणे यांच्या दुकानात घडला. माझे कान तापले.

त्यांची बायको दारात आली. शालीकडे तिने पाहिलंही नाही.

"चोराच्या घरात कित्याक इलात?"

शाल पुढे केलेला शेठचा हात खाली आला. मी त्यांच्या मागे एका पावलावर उभा होतो. आमच्याकडे 'इलात', म्हणजे 'आलात', एका मोठ्या माणसालाही म्हणतात आणि दोघांनाही.