डफ कोण उचलणार

“सत्तमा सोल्लुडा!” मोठ्यानं बोल, लेका. मिरासदार ओट्यावरून तमिळमध्ये ओरडला.

दोनदा ओरडून झालं होतं माझं. त्याला ऐकू गेलं होतं. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं होतं. तरी तिसऱ्यांदा.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक दगड रोवलेला आहे. वीतभर उंच. आमच्या माणसानं त्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. मी अलीकडं उभा. अनवाणी, गळ्यात डफ. डफ बडवला आणि सरकारचा हुकूम पुन्हा म्हटला.

“शुक्रवारी या रस्त्यानं वरात नेऊ नये. वाजंत्री वाजवू नये. पाचांहून जास्त माणसांनी जमू नये. शांतताभंग होण्याचा संभव आहे. हुकूम मोडेल त्याला कैद होईल हो!”

मिरासदारानं पानाची पिंक टाकली. “वरात कुणाची रे?”

“हुकमात ते नाही, एजमान.” एजमान म्हणजे धनी. आम्ही त्यांना असंच म्हणायचं.

पोलिसांचा इन्स्पेक्टर त्याच्याच ओट्यावर बसून ताक पीत होता. त्यानं मान वर केली नाही. माझ्याबरोबरच्या शिपायानं लाठीचं टोक माझ्या बरगडीत खुपसलं. “धनी विचारतायत. सांग.”

“माझ्या बहिणीची.”

गल्ली हसली. या ओट्यावरचे, त्या ओट्यावरचे, खिडकीतल्या बायका. इन्स्पेक्टरचं ताक सांडलं. आणि मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सगळे हसत होते म्हणून माझेही दात बाहेर आले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

तंजावरात मराठी राजे आले, तेव्हा आमचे लोक त्यांच्या फौजेमागून चालत आले. पुढून नाही, मागून. राजाची दवंडी आमच्या घराकडं होती. राज्य गेलं, इंग्रज आला, आणि राजवाड्याची दवंडी पोलिस ठाण्याची झाली. डफ तोच. दोरी तीच. आम्हीही तेच. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि दोन्ही भाषांत आमच्यासाठी शिव्या तयार असतात.

पटकी आली, कालव्याला पाणी सुटलं, कुणाची म्हैस हरवली, सगळं मी गावाला सांगितलं. मला वाचता येत नाही. ठाण्यातला रायटर कागद वाचून दाखवायचा. एकदा ऐकलं की मला पाठ. याचा मला केवढा तोरा! सरकार माझ्या तोंडून बोलतं, असं मी वस्तीत सांगत फिरायचो. किती मोर्चे, किती सभा माझ्या डफानं बंद झाल्या. कुणाच्या होत्या, कशाच्या होत्या, मी कधी विचारलं नाही.

रायटर मराठीच. राजवाड्याजवळच्या गल्लीतला, वरच्या जातीचा. माझ्याशी आपल्या मराठीत बोलायचा, पण चार हात लांबून. त्या सकाळी त्यानं हुकूम वाचला आणि अर्ध्यात माझ्या लक्षात आलं. ही तर आमच्या तंगूची वरात.

तंगू माझी धाकटी बहीण. तिचा होणारा नवरा लढाईवर जाऊन आलेला. ओझी वाहायला नेलं होतं त्याला, पण पायात बूट घालून परतला. तो म्हणाला, “साहेबांबरोबर एका खंदकात राहिलो मी. बायकोला कालव्याच्या चिखलातून नेणार नाही. मोठ्या रस्त्यानं नेणार.” रस्ता मिरासदाराच्या गल्लीतून जाणारा, पण नगरपालिकेचा. कायद्यानं सगळ्यांचा. पण बातमी पसरली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत ओट्याओट्यावर दगडांचे ढीग दिसायला लागले. पोलिसांनी पाहिले. सगळ्यांनी पाहिले.

मी रायटरला विचारलं, “सामी, दगड त्यांनी जमवले. मग हुकूम आमच्यावर कां?”

तो गोड हसला. “अरे, मोठी लोकं तीं. त्यांना कोण अडवतो? तुम्ही गेलां नाहीं कीं दगड पडत नाहीं. झाली कीं नाही शांतता?”

मी मान डोलावली. डफ गळ्यात अडकवला आणि निघालो. इतका मी सरळमार्गी माणूस.

गल्लीत झालं ते सांगितलंच. मग बाजारात दवंडी झाली. शेवटी आमची वस्ती राहिली. ज्यांच्यासाठी हुकूम, त्यांच्या कानावर तो घातलाच पाहिजे, असा नियम. शिपाई मागं, मी पुढं.

आमच्या दारात हळद चालली होती. तंगू पाटावर बसलेली, बायका तिच्या हातापायांना हळद लावतायत. मला शिपायाबरोबर पाहिलं आणि हळदीचे हात थांबले. मी डफ बडवला. तोंड उघडलं. पाठ असलेला हुकूम बाहेर पडेना.

पुन्हा बडवला. पुन्हा तेच.

तंगू उठली. तोंड पिवळं, डोळे लाल. “सांग कीं अण्णा. तिथं तीनदां सांगितलास म्हणे. इथं एकदां तरी सांग.” मग म्हणाली, “हांसलास पण म्हणे.”

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी गळ्यातून डफ काढला. शिपायापुढं धरला. “तुम्ही वाजवा.”

तो दोन पावलं मागं सरकला. कातड्याचा डफ. माझ्या बापाच्या, माझ्या घामानं काळा पडलेला. त्याला हात कसा लावणार तो? “उचल, नाहीतर मार खाशील,” म्हणाला. मी डफ रस्त्याच्या मधोमध ठेवला. शिपाई त्याच्याभोवती फिरला. लाठीनं ढकलून पाहिला. मग ठाण्यात निरोप गेला आणि इन्स्पेक्टर आला, आणखी दोन शिपाई घेऊन. सरकारची चार माणसं. चौघं एकमेकांकडं बघतायत, आणि डफ खाली पडलाय.

तेव्हा माझं डोकं उघडलं. लाठ्या त्यांच्याकडं. कागद, शिक्का, तुरुंग त्यांच्याकडं. आणि तरी हा हुकूम सांगायला त्यांना माझा हात लागतो, माझा गळा लागतो. आमची बंदी आम्हीच पुकारत होतो. तीन पिढ्या! अंगाची लाही लाही झाली. आधी स्वतःचाच राग आला.

इन्स्पेक्टरनं डफाला लाथ मारली. कातडं फाटलं. “उचल.”

“नाही.”

पोलिसाला हा शब्द मी जन्मात म्हटला नव्हता. ओठ फुटला, दोन दात हलले, पण तो शब्द मी परत घेतला नाही. तंगू बघत होती. मला ओढून नेईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

रायटरनं कागदावर लिहिलं, सर्व ठिकाणी दवंडी झाली. शुक्रवारी पोलीस त्या रोवलेल्या दगडाशी उभे राहिले म्हणे. दगडांच्या ढिगांकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड करून. तंगूच्या नवऱ्याचे दोन्ही हात धरून त्याला मागं नेलं. तंगू कालव्याच्या काठानं गेली. गुडघाभर चिखल, नव्या लुगड्यात. गल्लीत शांतता राहिली.

मला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं. वर्षभर शांतता राखीन, असं लिहून दे, अंगठा उठव. मी म्हणालो, “साहेब, शांतता मी मोडली नाही. ज्यांच्या ओट्यांवर दगड होते त्यांचा अंगठा आधी घ्या. मग माझा.”

दुभाष्यानं एवढ्याचं दोनच शब्दांत इंग्रजी केलं. नाही म्हणतो.

अंगठा दिला नाही म्हणून वर्षाची कैद. इथं चार भिंतींत मी रोज चालतो. झोप लागत नाही, बसवत नाही. शिक्षा भोगून मन शांत होतं म्हणतात. माझं नाही झालं. व्हायलाही नको.

परवा तंगू भेटायला आली. सुगीला घरी येणारा भाताचा वाटा मिरासदारानं बंद केलाय. आई शेण्या थापून पोट भरते. ठाण्यात नवा डफ मढवून ठेवलाय, आणि वस्तीत घरोघर विचारून झालं. कुणी घेतला नाही. हे सांगताना तंगू हसली नाही. पिशवीतून नवऱ्याचे बूट काढले आणि गजाजवळ ठेवले. “मोठे होतांत तुला. पुढं चिंधी कोंबलीं मीं.”

उद्या सुटतो. तुरुंगाच्या दारातच बूट घालणार. घरी आधी जाणार नाही. त्या दगडाशी जाणार, तो ओलांडणार, आणि मिरासदाराच्या ओट्यासमोरून भर उन्हात गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणार. एकटा. एका माणसाचा जमाव होत नाही, एवढा कायदा मला पाठ आहे. दगड पडले तर पडोत. परवा पुन्हा जाईन, मग तंगूला घेऊन जाईन, मग वस्तीला.

ते हुकूम काढतील. काढू देत. ओरडणार कोण?