आफ्रिका माझ्याकडं न्हाई

मी अकरा वर्षांची असताना आईने मला इंग्लंडमधल्या लुटनहून उचललं आणि मांडवगण फराट्याला मामाकडे आणून ठेवलं. आई नर्स, तिच्या रात्रपाळ्या. वडील रेल्वेत, त्यांच्या वाटेल तेव्हाच्या पाळ्या. आणि मी शाळेतून रोज एक नवं भांडण घेऊन घरी यायचे. "दोन वर्षं राहू दे, जरा वळण लागेल," असं आई मामाला म्हणाली. मी सात वर्षं राहिले. वळण लागलं का, ते मामीला विचारा. मी विचारायला धजले नाही.

आई मांडवगणचीच. घर एके काळी मेंढरं राखणारं, आता उसाचं. वडिलांचं जरा लांबण लावावं लागतं. त्यांचे वडील घानाचे. बोटीवर खलाशी म्हणून इंग्लंडला आले आणि तिथल्याच एका गोऱ्या मुलीशी लग्न करून राहिले. वडील नऊ वर्षांचे असताना ते वारले, त्यामुळे घाना म्हणजे वडिलांना एक फोटो आणि एक आडनाव, एवढंच माहीत. थोडक्यात माझ्यात तीन देश आहेत, आणि तिन्ही देशांतले लोक मला बघितलं की उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतात.

पहिल्याच रविवारी मामीने माझे केस विंचरायला घेतले आणि दोन फण्या मोडल्या. मग मामाची म्हातारी चुलती पुढे सरसावली. तिने केस चिमटीत धरून चोळून बघितले आणि निकाल दिला, "लोकर हाय गं ही. एक नंबर."

लुटनमध्ये एका मुलीने हेच म्हटलं होतं तेव्हा मी तिला ठोसा हाणला होता. पण या म्हातारीचा उभा जन्म लोकर कातण्यात गेला होता आणि 'एक नंबर' ती सहजासहजी कुणाला म्हणत नसे. मी ठोसा आवरला.

शिरूरच्या एसटीत कंडक्टर माझ्याशी हिंदीत बोलायचा. "हाफ द्या वो मामा, मांडवगण," असं मी म्हटलं की मागचा अख्खा बाक वळून बघायचा. बघण्याचं मला फारसं काही वाटत नसे. खरा वैताग एकाच प्रश्नाचा होता : "तू कुणाची गं?" गावात प्रत्येक जण कुणाचा तरी असतो, कोंबडीसुद्धा. मामा मोठ्या अभिमानाने सांगायचा, "भाची हाय माझी. भाची म्हंजी द्येव." आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायची रीत आहे. तो पहिल्यांदा वाकला तेव्हा मला वाटलं, त्याचं काहीतरी खाली पडलं, म्हणून मीही शोधायला वाकले. डोक्याला डोकं आपटलं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा, ज्वारीची खळी उरकल्यावर, हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या लिहून ठेवणारा माणूस. चार वर्षांनी एकदा येतो, मागच्या पुरुषांची नावं म्हणून दाखवतो, नव्या पोरांची नावं वहीत चढवतो आणि ज्वारी घेऊन पुढच्या गावाला जातो. पूर्वी बैल घेऊन यायचे म्हणे. आमचा लुनावर आला. मागे पत्र्याची ट्रंक बांधलेली आणि ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळलेल्या वह्या. त्याने मांडी घातली, कानावर हात ठेवला आणि मामाचा आजा, मामाचा बाप, मामा, मामाचे दोन मुलगे अशी नावं सुरात म्हटली. मला ते इतकं आवडलं की अंगावर काटा आला. आता आईचं नाव येईल म्हणून मी सावरून बसले. त्याने वही मिटली.

"आबा, माझ्या आईचं राहिलं."

"लेकीचं चढत न्हाई, बाळ. लेकी नवऱ्याच्या वहीत जात्यात. तुझ्या बापाचं कुळ कंचं?"

"ते घानाचे. आफ्रिकेत."

हेळव्याने थोडा विचार केला. "आमच्या भावकीत गावं वाटून घेतल्याली हायती," तो म्हणाला. "नीरंच्या पल्याड चुलत्याकडं, हिकडचं माझ्याकडं. आफ्रिका माझ्याकडं न्हाई."

"मग कुणाकडं आहे?"

"इचारावं लागंल. तू आसं कर, बापाकडनं मागच्या पिढ्यांची नावं मागवून ठेव. फुडच्या टायमाला आलो की लिवतो."

चेष्टेत बोलला असेल, पण मला ते कळलं नाही. मला एवढंच कळलं की एक वही आहे, तिच्यात नाव चढलं की 'तू कुणाची' हा प्रश्न संपतो, आणि माझी अडचण फक्त कागदपत्रांची आहे. मी त्याच संध्याकाळी वडिलांना पत्र लिहिलं : तुमच्या आजोबांचं, पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वरच्या सगळ्यांची नावं ताबडतोब कळवा.

तीन आठवडे उत्तर नाही. वडिलांना जन्मभर इंग्लंडमध्ये लोक विचारत आले होते, तुम्ही कुठले? ते सांगायचे, लुटन. मग लोक म्हणायचे, हो, पण त्याआधी कुठले? या 'त्याआधी'वरून त्यांनी एक नोकरी सोडली होती. आणि आता पोटची पोर तोच प्रश्न, तोही लेखी विचारत होती. शेवटी चार ओळी आल्या. मला माझ्या बापापलीकडे कुणाचं नाव ठाऊक नाही. मलाही आता झोप लागत नाही. तुझ्या त्या माणसाला थांबायला सांग.

दोन वर्षं पैसे साठवून वडील चाळिशी उलटल्यावर जन्मात पहिल्यांदा घानाला गेले. तिथून त्यांचं मोठं जाडजूड पत्र आलं. मामी कांदा चिरत होती, मामा चहा पीत होता, आणि मी उत्साहाच्या भरात पुढे काय लिहिलंय ते न बघताच एकेक ओळ मराठीत करून मोठ्याने सांगायला लागले.

वडील गावात शिरले तर पोरं 'गोरा आला, गोरा आला' म्हणत मागे धावली. लुटनमध्ये ज्याला सगळे काळा म्हणतात तो माणूस इथे गोरा ठरला, म्हणून त्यांना इतकं हसू आलं की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. माझ्या आजोबांची बहीण, म्हणजे माझी आत्याआजी, अजून हयात होती. तिने त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं, मग पानावर वाढलं. गावच्या म्हाताऱ्यांनी मिळून आठ पिढ्यांची नावं सांगितली.

"आठ!" मामा म्हणाला. "आपलीबी येवढी न्हाईत म्हाईत मला."

पण, मी पुढे वाचलं, तिथे कुळ आईकडून येतं. वडिलांना त्यांनी विचारलं, तुझी आई कोणत्या कुळातली? वडिलांनी आजीचं इंग्रजी माहेरचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यांनी आपसांत बराच खल केला आणि असं कुळ आपल्यात नाही असं कळवलं. मग आत्याआजीने माझी चौकशी केली. पोरीची आई धनगर ना? मग पोर धनगर. पोरीचा खरा माणूस तिचा मामा. आमच्यात मामाचं सगळं भाच्यांना जातं.

मामीची विळी थांबली. "सगळं म्हंजी?"

मी पत्रात बघितलं. मला खोटं बोलायची अक्कल तेव्हा नव्हती. "घर," मी म्हटलं. "आणि जमीन."

त्या दिवसापासून माझ्या भाकरीवरचं तूप बंद झालं. "आमच्यात आसलं कायबी न्हाई," हे वाक्य मामी मला, म्हशीला आणि भिंतीला दिवसातून दहादा ऐकवायची. मामाचे चार एकर नदीकाठचे, बारमाही पाण्याचे. भाची म्हणजे देव हे खरं, पण देवाला चार एकर लागतात हे मामाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दिवाळीला तो माझ्या पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. "कंबर धरलीया," म्हणाला. पुढची दोन वर्षं ती धरलेलीच होती.

हेळव्याची पाळी आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. वडील रजा काढून आले. मामाने त्यांना दौंड स्टेशनवरून जीपने आणलं. गावाने त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं आणि जावई म्हणून कामाला लावलं. रोज सात घरी चहा. प्रत्येक घरी पहिला प्रश्न, "दाजी, मूळ गाव कंचं?" मी वडिलांच्या कपाळाची शीर बघत बसायचे. पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की हेच खतवाल्याला विचारतात, नव्या मास्तरांना विचारतात, आणि यवतहून आलेल्या गवंड्यालाही सोडत नाहीत. मग ते खुशीत सांगायला लागले, "लुटन. त्या आदी घाना." लोक मान डोलावून विचारायचे, "तितं ऊस हुतो का?"

हेळवी आला. ओसरीवर सगळे बसले. वडिलांनी आठ नावं सांगितली, हेळव्याने प्रत्येक नाव तीनदा म्हणून घेतलं आणि 'पावण्यांचं कुळ' असा मथळा देऊन झोकदार अक्षरात उतरवलं. शेवटी वडिलांचं नाव लिहून रेघ मारली. आणि वही मिटायला लागला.

"आणि मी?"

"पोरीचं चढत न्हाई, बाळ. म्या तवाच सांगितल्यालं."

मी चार वर्षं थांबले होते. मी म्हटलं, तिकडचे म्हणतात आईकडं बघ, इकडचे म्हणतात बापाकडं बघ. दोन्हीकडची नावं मी गोळा करून आणली, आणि दोन्ही वह्यांत मीच नाही. मग मी जन्मले कशाला, नुसती चौकशी करायला? हे मी ओरडून म्हटलं. मला त्या म्हाताऱ्याचा, मामाचा, आठही पूर्वजांचा मनस्वी राग आला होता. वडील उठून उभे राहिले, पण त्यांना भांडायचं ते इंग्रजीत येत होतं. मामा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. माझ्या बाजूने एक शब्द बोलला असता, तर चार एकर बोलल्यासारखे झाले असते.

तेवढ्यात मामी हेळव्याची ज्वारी सुपात घेऊन बाहेर आली. आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"तिचं नाव लिवा, आबा."

"वैनी, रीत न्हाई तशी."

"दोन वर्सं मला झोप न्हाई," मामी म्हणाली, "ही पोर जमीन न्हेती का काय म्हणून. जमीन न्ह्यायला ही आमची, आन् नाव लिवायला मातुर आमची न्हाई? आसं कसं? लिवा, न्हाईतर हे सूप आत जाईल."

हेळव्याने सुपाकडे बघितलं. "लिवलं आसतं वो. पर कुणाच्या खाली लिवू? हिची आईच वहीत न्हाई."

"मग आईचं लिवा."

"आन् आईच्या वर?"

"तिची आई. माझी सासू. मेली तरी नाव हुतं तिला." मामी एक पायरी उतरली. "आन् लिवायच लागलायसा तर माझंबी लिवा. वीस वर्सं जेवाय घालती तुमाला. नाव तरी म्हाईत हाय का माझं?"

नव्हतं. हेळव्याने खाली मान घालून ते विचारलं. मग तो एकेक करत लिहीत गेला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. "गाव?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लुटनची आमची गल्ली आता मला अर्धीच आठवत होती. घाना मी पाहिलेलं नव्हतं. आणि मांडवगण म्हणायला तोंड उघडलं तर मामा समोर. शेवटी मामाच म्हणाला, "लिवा की हितलंच. आमी पैल्यापासनं हितलेच."

"कोन म्हनतं?" हेळव्याने ट्रंकेच्या तळातून एक काळपट वही काढली. ती मी तोवर कधी उघडलेली पाहिली नव्हती. "हितं तुमचा आजा आला, मालक. त्याच्या आदीचे हे बघा नऊ पुरुष. नावं हायती. गाव एकाच्याबी फुडं न्हाई."

मामा ओणवा होऊन बघायला लागला. नऊ नावं, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द. "काय लिवलंय ह्ये?"

"'मेंढरामागं.' मेंढरं चालली तिकडं चालायचं. गाव कुटलं?"

मामाने ते त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. इतकी वर्षं ज्या माणसाने परगावच्यांना मूळ गाव विचारलं होतं, तो माझ्याशेजारी येऊन बसला. हेळव्याने मला न विचारताच माझ्या नावापुढे तोच शब्द लिहिला.

नवं नाव चढलं की ते मोठ्याने म्हणायचं असतं, मागच्या पिढ्यांना ऐकू जावं म्हणून. बायकांची नावं म्हणायची चाल त्याच्याकडे नव्हती. तो जरा अडखळला, मग पुरुषांच्याच चालीवर त्याने आजीला हाक घातली, आईला घातली, मामीला घातली, आणि मग मला.

वडिलांना मराठी फारशी कळत नव्हती, पण माझं नाव कळलं. ते वाकून हळूच म्हणाले, "काय म्हणाला?"

"अमकीची लेक, तिची लेक, गाव नाही, मेंढरांच्या मागे."

"कुठली मेंढरं?" वडिलांनी विचारलं.

मी सांगणार होते, पण तेवढ्यात मला रडू आलं.