नाकशास्त्र्यांचं नाक

फुलांच्या तेलाच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याला सगळे नाकशास्त्री म्हणत. बाटली नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. तेलातले घटक मोजणारं यंत्र तिच्या ताब्यात. "तुझ्या यंत्राला काय कळतं गं? ते नुसतं मोजतं," हे ती त्याच्याकडून उठता-बसता ऐकायची. जेवतानासुद्धा.

मग तापाच्या साथीत नाकशास्त्रीबुवांचं नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, पण कामातून गेलं. दूध करपून स्वयंपाकघर धुरानं भरलं, तरी बुवा शेजारी पेपर वाचत बसलेले. तेव्हाच तिला कळलं. नाक नाही तर नोकरी नाही, आणि हा माणूस दिवसभर घरात बसला तर आपलं डोकं खाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय त्याची दयाही आली.

तेव्हापासून आधी ती यंत्र लावायची आणि चहाच्या वेळी हळूच सांगायची. मग बुवा थाटात जाहीर करायचे, "मोगऱ्यात इंडोल चढलंय!" इंडोल म्हणजे मोगऱ्यातला तो किंचित घाण वास. तो मुळीच नसला तर मोगरा साबणासारखा वाटतो आणि जास्त झाला तर डांबराच्या गोळ्यांसारखा. निकाल बरोबर निघायचा, बुवांची मान आणखी ताठ व्हायची.

एके सकाळी मालक स्वतःच नवी बाटली घेऊन आले. "यंत्र राहू दे. आधी नाक!"

या बाटलीबद्दल तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. बुवांनी मात्र बाटली उचलली, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "वा! बेंझिल ॲसिटेटचा गोडवा, वर लिनालूलची झुळूक, आणि तळाशी हळूच इंडोल..."

"बुवा," मालक म्हणाले, "बूच तरी काढा."

बुवांचे कान लाल झाले. हसावं की रडावं, तिला कळेना.

"मग इतके दिवस अचूक सांगत होतं कोण?" मालकांनी विचारलं.

त्यांना सर्दी झालीय, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण बुवांनी बाटली खाली ठेवली आणि तिच्याकडे बोट केलं. "ही. मी नुसता वास घेतल्यासारखं करत होतो."

"मग यापुढे बाईच निकाल देतील," मालक म्हणाले.

"देईन की," ती म्हणाली. "पण गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून 'वा!' म्हणायला हेच लागतील, साहेब. मला हसू आवरत नाही."

मालकांनी मानलं. बुवांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोगऱ्याचा वास फार उग्र होता म्हणून ते आलं, असं त्यांनी नंतर साऱ्या कारखान्याला सांगितलं.