वालाची उपाशी ओळ

एका जागी चार-पाच वर्षं नोकरी केली की किस्से आपोआप साठत जातात. वाशीजवळच्या पावणे गावातल्या आमच्या शेडमध्ये तर जरा जास्तच साठले, कारण आमचा धंदाच मुळी बुरशी वाढवण्याचा! नव्वदच्या दशकातली गोष्ट. कुंडीत वाळू, वाळूत मका आणि मक्याच्या मुळांत जमिनीतली उपकारी बुरशी. मका वाढला की मुळं बारीक चिरून वाळूसकट पिशवीत भरायची. झालं खत!

* * *

आमच्या मुख्य सुलभा मॅडम. एकदा त्या शिंदेमामांना समजावत होत्या, "हलक्या जमिनीत अन्न थोडं, तेही लांब. मुळं तिथवर पोचत नाहीत. बुरशीचे धागे पोचतात, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं."

मामा साताऱ्याचे, कुंड्या सांभाळायचे. त्यांचा भाऊ वाशीच्या मार्केटात हमाल. मामा म्हणाले, "म्हंजी आमचा भाऊच की वो! माल दुसऱ्याचा, पाठ आपली. फकस्त त्याला कुनी साखर देत न्हाई!"

तेव्हापासून शेडमध्ये बुरशीचं नाव पडलं 'मामांचा भाऊ'.

* * *

परचेसला साळवी नवीन आला. पहिल्याच आठवड्यात हौसेने एक डबा घेऊन हजर. "मॅडम, दारावर 'बुरशी विभाग' वाचलं. एवढी लागलीय आणि कुणी काहीच करत नाही? हे मारा, एका दिवसात साफ!"

मामा कुंड्यांसमोर हात पसरून उभेच राहिले. साळवी बिचारा सॉरी सॉरी करत डबा घेऊन पळाला.

* * *

मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईने विचारलं, "काय करतेस गं?"

"बुरशी वाढवते."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याला नोकरी कशाला? आमच्याकडे लोणच्यावर फुकट येते!"

हसू आवरेना मला. लग्न तिथेच जमलं, आणि लोणच्याची बरणी अजून माझ्याच ताब्यात आहे.

* * *

शेठ माणूस चांगला, पण आमचा माल खपेना. एका दिवाळीनंतर ते म्हणाले, "मॅडम, या थंडीत डोळ्यांना फरक दिसला पाहिजे. नाहीतर बुरशी बंद, शेडमध्ये पॅकिंगचं मशीन लावतो." मॅडमनी या बुरशीसाठी चांगली नोकरी सोडली होती.

पिशव्या भरणारी नसीमा उरणकडची. ती म्हणाली, "आमच्या अब्बांना विचारू?" अब्बांची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. घरामागे उरला होता नुसता मुरमाचा भराव. पोपटीशिवाय थंडी त्यांना थंडी वाटायची नाही. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजायच्या! पण मुरमात वाल बोटभर वाढून पिवळा पडायचा.

मॅडमनी तिथे वालाच्या दोन ओळी लावल्या. एकीला बुरशी, दुसरीला नाही. शेजारी शेजारी फरक दिसावा म्हणून.

"अब्बा, पाणी दोन्हींना सारखं. बाकी काही करायचं नाही हं," मॅडमनी बजावलं.

"बरं बाय."

थंडी पडली. शेठना घेऊन आम्ही सगळे गेलो. बघतो तर दोन्ही ओळी गुडघाभर, हिरव्यागार, शेंगांनी लगडलेल्या!

शेठ म्हणाले, "दोन्ही सारख्याच की! मग तुमच्या बुरशीने केलं काय?"

मॅडमचा चेहरा पडला. मला तर रडूच यायला लागलं.

अब्बा मान खाली घालून पुढे आले. "बाय, रागवू नको. एकीला जेवन नि दुसरी उपाशी, माज्यानं बघवलं नाय. हिच्या बुडातली मूठ मूठ माती तिला घातली."

"सगळ्या रोपांना?" मॅडमनी विचारलं.

अब्बा आणखीच ओशाळले. "कडेची चार रायली. कंबर धरली माजी."

आम्ही कडेला पाहिलं. चार रोपं. बोटभर, पिवळी.

शेठ त्या चौघांकडे बघत राहिले. मग ओळीकडे. मग परत त्या चौघांकडे.

मग शेठनी पँट जरा वर ओढली, उकिडवे बसले, हिरव्या रोपाच्या बुडातून मूठभर माती उकरली आणि त्या चार रोपांना घातली.

"अब्बा," ते म्हणाले, "जरा पाणी आणा."