गटात बसवलेली मुलगी

माझ्या निरोप समारंभात मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही खोटी शिट्टी वाजवली नाही. टाळ्या पडल्या. शिट्टीपुरतं ते खरंच होतं. माझ्याच शाळेची पोरगी इशाऱ्याआधी सुटली तर मी तिला परत रेषेवर आणायचो, आणि त्यापायी पालकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. मी खोटं केलं ते मैदानावर नाही. ते केलं ऑफिसात, खुर्चीत बसून, निळ्या बॉलपेननं.

मी मूळचा मंद्रूपचा, शेतकऱ्याच्या घरचा. सोलापूरला लागून असलेल्या कुंभारीत एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. आवाज मोठा आणि डोकं गरम. पोरं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेसमोरच्या रस्त्यावर. एक टेम्पो गेला आणि त्याच्या मागोमाग जेवणाचा डबा छातीशी धरून पळणारी एक मुलगी. बाप डबा विसरून निघाला होता. टेम्पो काही रांगत नव्हता, तरी वळणाच्या आत तिनं त्याला गाठलं, खिडकीतून डबा आत दिला आणि काही झालंच नाही अशी परत फिरली. मी तिला तिथंच अडवून विचारलं, कुठल्या शाळेत आहेस. ती म्हणाली, कुठल्याच न्हाय.

घर कामगारांच्या वसाहतीत होतं. आई विड्या वळायची, वडील दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. अक्कलकोटकडून इकडे बिऱ्हाड हलवताना पोरीची शाळा सुटली ती सुटलीच. जुन्या शाळेचा दाखला कुठे गेला ते घरात कुणालाच सांगता येईना. घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि वडील कुणाशी भांडायला उभे राहिले की कानडी. पण माझ्याशी ते फार अदबीनं बोलले. मुलगी शिकणार म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी धुतलेला शर्ट घालून शाळेत हजर झाले.

आमच्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून टाकून मोकळे. दिवसाचा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता सालाचा. तिच्या वडिलांनी बोटांवर हिशोब केला. थोरल्याला शाळेत घातलं त्या साली ही झाली, म्हणून बारा. दोनदा मोजून त्यांनी बाराच सांगितलं. क्लार्क रजेवर होता, अर्ज मीच भरत होतो. मी मान डोलावली आणि दहा वर्षं होतील असं साल लिहिलं. दहाची पोर पाचवीच्या वर्गाला शोभते, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं, की चौदा वर्षांखालच्या गटात ती दोन वर्षं जास्त पळणार होती, आणि त्या वयात दोन वर्षांनी पायात किती जोर येतो हे मला पाठ होतं. खेळाचे शिक्षक याला पोरगी गटात बसवणं म्हणतात. सगळेच बसवायचे. मी ते आधी कधी केलं नव्हतं, एवढीच माझी प्रौढी.

वडिलांना मराठी वाचता येत नव्हतं. सही मात्र त्यांनी झोकात केली.

पुढची सात वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्य झालं. शंभर मीटरला तिच्या मागची पोर चार पावलं मागे असायची. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो आणि ती मला मिठाचं गरम पाणी आणून द्यायची. सत्कारांना तर ऊत आला. आमच्या सोलापुरात सत्कार म्हणजे चादर, टॉवेल नाही तर नॅपकिनचा गठ्ठा. बायको म्हणायची, आता एक दुकानच टाकू या. एकदा परदेशात ज्युनिअरच्या स्पर्धेत ती भारताकडून पळाली, तेव्हा तिच्या वडिलांनी टेम्पोच्या काचेवर तिचा फोटो लावला आणि अख्ख्या वसाहतीत पेढे वाटले. पहिला पेढा मला.

त्याच्या पुढच्या वर्षी तिला अठराच्या आतल्या मुलींच्या शिबिराला बोलावणं आलं. तिथे वय पडताळायला मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडं माझ्या अर्जावर विश्वास ठेवायला तयार झाली नाहीत. ती वयानं मोठी निघाली. पदकं परत घेतली, दोन वर्षांची बंदी आली, आणि पेपरात बातमी आली ती वय चोरणारी धावपटू म्हणून. फोटो तोच, टेम्पोच्या काचेवरचा.

चौकशीला एक साहेब शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी, तिचे वडील आणि टेबलावर तो अर्ज. साहेबांनी मला विचारलं, तारीख कुणी सांगितली. मी म्हणालो, पालकांनी. एका शब्दात काम झालं. मग त्यांनी वडिलांपुढे अर्ज सरकवला आणि ही सही तुमचीच ना म्हणून विचारलं. वडिलांनी सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी ढालींच्या कपाटाकडे बघत होतो.

ते म्हणाले, "माजंच हिशोबात चुकलं असंल साहेब. शिकल्याला मानूस न्हाय मी."

मला वाटलं, त्यांनी मला वाचवलं. सगळं माहीत असून पाठीशी घातलं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि त्या मायेच्या भरात मी मूग गिळून गप्प बसलो. साहेब गेल्यावर मी आणि मुख्याध्यापक चहा प्यायलो. वडिलांनी चहा घेतला नाही.

आठवड्याभरानं ती माझ्या घरी आली. तेव्हा ती खरी एकोणीस वर्षांची होती, कागदावर सतरा. रडून झालेलं होतं, त्यामुळे सरळ मुद्द्यावर आली. शाळेनं एवढंच लिहून द्यावं, की वय चुकीचं लागलं हे मुलीला माहीत नव्हतं. त्यावर बंदी कमी होईल असं तिला शिबिरातल्या कुणी सांगितलं होतं. वडिलांवर ती भयंकर चिडली होती. त्यांना साधं पोरीचं वय सांगता येत नाही, म्हणाली. मी तिलाच शांत व्हायला सांगितलं. जरा वातावरण निवळू दे, मग बघू म्हटलं. त्या वर्षी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव पुढे गेलं होतं. शाळेच्या चुकीचं पत्र म्हणजे माझ्या चुकीचं पत्र, हे मला तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. ती आणखी दोनदा आली. तिसऱ्या वेळी मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि बायकोला सांगायला लावलं, की मी गावाला गेलोय.

पुरस्कार मिळाला. फोटोत मी हसतोय.

तिचा मामा आखातातल्या एका देशात गाड्या चालवायचा. त्यानं तिला बोलावून घेतलं. तिथल्या एका क्लबनं तिला पळताना बघितलं, ठेवून घेतलं, आणि काही वर्षांनी त्या देशानं तिला आपला पासपोर्ट दिला. दुसऱ्या देशाचा घेतला की आपला परत करावा लागतो. तो तिनं परत केला. मग एका मोठ्या आशियाई स्पर्धेत ती त्या देशाच्या रंगात उतरली आणि भारताच्या मुलीला मागे टाकून पहिली आली. सोलापूरनं ती शर्यत मोबाइलवर बघितली. मीही बघितली. सुरुवातीला डावा खांदा खाली ठेवायची माझी शिकवण तिनं अजून सोडली नव्हती. ती पुढे गेली तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, आणि मग घरात कुणी बघतंय का ते बघून खाली बसलो.

संध्याकाळी एका पत्रकाराचा फोन आला. मी काय बोललो असेन? उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "हिला मी घडवली, पण ही मातीशी बेइमान निघाली." दुसऱ्या दिवशी ते माझ्या फोटोसकट छापून आलं. लोकांनी पाठ थोपटली. काहींनी माझंच वाक्य घेऊन त्याला शेपूट जोडलं, की शेवटी हे लोक तिकडचेच. मी ते चहाच्या टपरीवर माझ्या कानांनी ऐकलं आणि ग्लास संपवून उठलो. तिच्या वडिलांना टेम्पो स्टँडवर कुणी चहाला बोलवेना, हेही कळलं. मी तिकडून जाणं सोडलं. मी आजवर पुष्कळ पोरांच्या थोबाडीत मारल्या आहेत. त्या दिवशी एक मलाच मारायला हवी होती.

या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मी निवृत्त झालेलो. वडिलांचा फोन आला, सर, तुमी यायलाच पायजे. ते पेपर वाचत नाहीत हे मला आठवलं, आणि वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. एवढा मी नीच. आहेर काय न्यायचा, असं मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोरीला लिहून द्यायचं होतं, ते द्या की आधी."

मी बसून लिहिलं. बारा ओळी झाल्या. अर्ज मी भरला, वडिलांनी बारा सांगितलं, मी दहा लावलं, मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. खाली सही केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी गेलो. दारात मांडव, आत बायकांची गडबड. ती बाहेर आली. अंगानं भरली होती, केस आखूड. माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकलो. घरातली एकमेव प्लास्टिकची खुर्ची मला देऊन ती आणि तिचे वडील समोर सतरंजीवर बसले, पण दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. ती वडिलांशी बोलत नव्हती. काही हवं नको झालं तर आईला सांगायची. आईनंच मग मला हळूच सांगितलं, गेल्यापासून असंच हाय, फोनवरबी त्यांच्याशी बोलत न्हाय.

वडील मात्र बोलत होते. सांगायला लागले, की ती आता परदेशी झाली ना, म्हणून ती घरी राहतेय याचा फॉर्म पोलीस चौकीत भरायला लागला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीचा. हसत होते. तिथल्या हवालदारानं जन्माचं साल विचारलं, यांनी सांगितलं, तर ते पासपोर्टवरच्या, शाळेनं लावलेल्या सालाशी जुळेना. पोरीचं वय माहीत नाही व्हय, म्हणून तो सगळ्यांसमोर ओरडला.

"तितंबी चुकलो बगा सर," ते म्हणाले. "माज्या असल्या हिशोबानं पोरगी देशाला मुकली. तुमचं नाव खराब झालं ते येगळंच. लई दिवस म्हनायचं हुतं, माफ करा."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

तेव्हा मला कळलं. त्या दिवशी शाळेत त्यांनी मला वाचवलं नव्हतं. कागदावर शिकलेल्या माणसानं लिहिलंय म्हणजे ते बरोबरच असणार, आपणच चुकीचं सांगितलं असणार, असं त्यांना खरोखर वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत होतं. आणि पोरीलाही तेच वाटत होतं.

मी खिशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं. एकदा वाचून पुन्हा वरून सुरुवात केली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. ती शिव्या देईल, पत्र फाडेल, हाकलून देईल, मी सगळ्याला तयार होतो. तिनं ते घडी घालून माझ्या मांडीवर परत ठेवलं.

"अब्बांना वाचता येत न्हाय," ती म्हणाली. "तुमीच वाचून दाखवा, सर."

मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा माझा आवाज बारा ओळी वाचताना तीनदा बंद पडला. वाचून संपल्यावर वडील बोटांवर काहीतरी मोजत राहिले, अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. मग सतरंजीवरून सरकत सरकत ते मुलीच्या जवळ गेले.

"म्हंजे मी बारा सांगितलं हुतं ते बरोबर हुतं?"

हे त्यांनी मला विचारलं नाही. तिला विचारलं.