रिकाम्या खुर्चीची खुशाली

नाशिकहून निघताना सामानात महत्त्वाची वस्तू एकच होती, बाबांचं गीतांचं पुस्तक. पहिल्या पानावर सेमिनरीचा निळा शिक्का, म्हणजे पुस्तक ग्रंथालयाचं, आणि बाबांनी ते चाळीस वर्षं परत केलेलं नाही. बाबा जानेवारीत गेले. कपाट आवरताना पुस्तक हाती लागलं आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं की ते पोचतं करायला वाशिमकडे चालले आहे. खरं कारण वेगळं होतं.

वाशिम जिल्ह्यातल्या त्या सेमिनरीत (पदवीनंतर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्यासाठी शिकायची शाळा) बाबा दोन वर्षं होते. मग आजोबा अचानक गेले आणि बाबा शिक्षण सोडून नाशिकला नोकरीला लागले. वऱ्हाडी बोलणंही सुटलं. फक्त दर गुरुवारी चार वाजता ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत जात, जरा थांबत आणि मोठ्याने म्हणत, "बरा आहो." आम्ही भावंडं त्यांची फार थट्टा करायचो.

लग्नानंतरही मी नवऱ्यासह बाबांच्याच घरी राहत होते. त्यांच्या शेवटच्या गुरुवारी ते बाल्कनीत गेले, पण ते दोन शब्द काही मला ऐकू आले नाहीत. मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "बरं आहे." मी पोळ्या लाटत राहिले. शनिवारी पहाटे त्यांचं हृदय थांबलं. त्या दिवसापासून एकच गोष्ट मला पोखरत होती. ते मला खरं सांगत होते का? बाल्कनीतले ते वऱ्हाडी शब्द सेमिनरीतूनच आले असणार, म्हणून उत्तर तिथेच मिळेल असं वाटलं.

अकोल्याला गाडीतून उतरले तर मार्चमध्येच ऊन डोक्यावर बसलेलं. एसटीने शेलूबाजार गाठलं, चौकात गरम आलुबोंडा खाऊन तोंड पोळून घेतलं आणि जीपमध्ये शिरले. शेजारी हरभऱ्याचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई होती.

"कुठं उतरता बाई?"

"सेमिनरीपाशी."

"मंग पुकाराचा बंगला म्हना ना!" पुकारा म्हणजे नाव घेऊन हाक मारणं. "कायले (कशाला) चालल्या तिकडं? थे लोकं खाली (रिकाम्या) खुर्च्याइले नावं घेऊन बोलतात."

"तुम्ही पाहिलंय?"

"बाजूच्या वावरात निंदून (तण काढून) राह्यली होती मी. खिडकीतून दिसे. बोलते तं बोलू दे. पण मंग चूप बसून आयकते बी. त्याचंच भेव लागते मले."

मी हसले. ती हसली नाही. ड्रायव्हरने मला एक फाटा आधीच उतरवून दिलं आणि मी दोन किलोमीटर बॅग ओढत, त्याला मनातल्या मनात शिव्या घालत चालले. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

कडुलिंबाच्या झाडांमागे दगडी, कौलारू इमारत दिसली. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. ते स्वयंपाकी मनोहरदादा.

"सलाम ताई. सुधाकरची पोरगी ना तुमी? जेवून घ्या पयले. चार वाजता वर्ग हाये."

मी येणार असल्याचं कुणालाही कळवलं नव्हतं. पुस्तक अजून पिशवीतच होतं. मी विचारलं, "कसं ओळखलंत?" पण दादा ताट वाढायला आत गेले होते. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, भरीत, ठेचा. जेवण सुरेख होतं.

जेवताना दादा वर्गाबद्दल बोलले. ही सेमिनरी वेस्लीयन या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतली. त्या परंपरेत डझनभर माणसांचा एक वर्ग असतो. वर्गात धडा नसतो, दर गुरुवारी जमून एकमेकांना जिवाची खुशाली विचारायची असते.

"अन् नियम एकच," दादा म्हणाले, "तिथं खोटं बोलाचं नाई."

चार वाजता ग्रंथालयात गेले. गोलात बारा खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि माणसं तीन: मनोहरदादा, ग्रंथालय सांभाळणारे विल्सनमामा आणि वर्ग चालवणाऱ्या सुशीलाबाई, पूर्वीच्या शिक्षिका. मला दाराजवळच्या बाकावर बसवलं. सध्याचे दोन विद्यार्थी खेड्यांत कामाला गेलेले. बाकीच्या खुर्च्या शिकून गेलेल्यांच्या. एकीवरही धूळ नव्हती.

"तुहा जीव कसा हाये, येशुदास?" सुशीलाबाईंनी एका रिकाम्या खुर्चीला विचारलं.

तिघं थांबले. मग तिघांनी एकाच क्षणी माना हलवल्या आणि बाईंनी वहीत काही लिहिलं. पुढचं नाव, पुन्हा शांतता. मला वाटलं, चला, हा एक रिवाज, वयस्कर माणसांचा विरंगुळा. पण शांतता प्रत्येक खुर्चीपुढे वेगळी होती. कुठे लगेच संपे, कुठे लांबे. एका खुर्चीपुढे तर तिघंही एकदम खुदकन हसले. 

"तुहा जीव कसा हाये, सुधाकर?"

मी प्राण कानात आणून ऐकलं. खिडकीबाहेर पोपट ओरडले, बस. बाईंनी मान हलवली नाही.

"जानेवारीपासून काही बोलत नाई हा," त्या म्हणाल्या.

"बाबा गेले," मी बाकावरून म्हणाले.

"मालूम हाये."

"मग विचारता कशाला?"

"घरच्यानं इथं येऊन सांगतल्याबिगर नाव सोडत नाई आमी. तवरक पुसतो (विचारतो)."

मला हेवा वाटला, लाज न बाळगता सांगते. माझ्या बापाचा आवाज या तिघांना चाळीस वर्षं ऐकू येत होता आणि मी त्यांच्या घरात राहून ऐकलं काय, तर बाल्कनीतले दोन शब्द. "शेवटी काय म्हणाले ते?" मी विचारलं.

बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. बाबांच्या नावापुढे दर गुरुवारी एकच शब्द होता: बरा, बरा, बरा. जानेवारीतल्या एका गुरुवारी मात्र दोन होते.

बरा नाई.

तोच गुरुवार. मला ते नाशिकच्या भाषेत "बरं आहे" म्हणाले होते. मी एकदम भडकले. "तुम्हाला कळलं होतं, तर मला का नाही कळवलं?"

सुशीलाबाईंच्या आवाजात जराही राग नव्हता. "तू तं त्याच्या घरातच होती ना, माय?"

 विल्सनमामांनी उठून बाबांची खुर्ची जराशी मागे ओढली. "बसा," ते म्हणाले. खुर्ची सावलीत होती, तरी बसायची जागा कोमट होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"तुहा जीव कसा हाये?"

"बरं आहे" हे जिभेवर तयारच होतं. आयुष्यभर तेच तर म्हणत आले होते. तिघं थांबून राहिले. मग माझ्या तोंडून, मी कधीच न बोललेल्या बोलीत, बाहेर पडलं, "बरी नाई मी." आणि मी रडायला लागले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. कुणी समजूत घातली नाही. बाईंनी बाबांच्या नावावर रेघ ओढली आणि खाली माझं नाव लिहिलं. मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

परतताना अकोल्याच्या फलाटावर बाटली काढायला पिशवी उघडली, तर गीतांचं पुस्तक तिथेच. द्यायचं राहूनच गेलं. बापासारखी लेक, दुसरं काय!

प्रवासातून आपण काहीबाही घेऊन येतो. मी एक प्रश्न घेऊन गेले होते, त्याचं उत्तर मिळालं आणि ते मला नको होतं. तरी न जाता राहिले असते तर अजून बाबांच्या "बरं आहे"वर विसंबून बसले असते.

परवाच्या गुरुवारी चार वाजता चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले. कुणी विचारल्याचं ऐकू आलं नाही. तरी जरा थांबले आणि आहे तेच सांगितलं.

आतून नवऱ्याने विचारलं, "काही म्हणालीस का गं? बरी आहेस ना?"

नेहमीचे दोन शब्द ओठांवर आले होते. मी कप कठड्यावर ठेवला, आत गेले आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.